अरबी आणि रोमन एकाच फॉन्टात: पहिल्यांदा जोडी बांधणाऱ्यांसाठी

दुबईतल्या रस्त्यावरची पाटी घ्या. वर अरबी, खाली रोमन, आणि दोन्ही ओळी गाडीतून एका नजरेत वाचल्या गेल्या पाहिजेत. अशा पाट्यांसाठी, बँकेच्या अर्जांसाठी, मोबाइलच्या पडद्यासाठी दोन्ही लिप्या सांभाळणारे फॉन्ट लागतात. या कामात नवखा माणूस पहिली चूक ठरलेली करतो. तो रोमन अक्षरांचे तुकडे कापून अरबीला चिकटवतो: ‘ओ’चा गोल मीमला, ‘एल’चा दांडा अलिफला. अक्षरे सारखी दिसतात आणि अरबी वाचणारा मात्र अडखळतो. या सगळ्या कामात जुळवायची असते ती दोन्ही मजकुरांची छटा आणि वाचताना भासणारा आकार. अक्षरांचे अवयव जुळवायचे नसतात. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीवर उभी आहे.

आधी हाताने लिहा

संगणक उघडण्यापूर्वी बोरू घ्या. बोरू नसेल तर ३ ते ४ मिलिमीटरचा कट निब चालेल. अरबी लिपीचे माप नुक्त्यात मोजतात: बोरूचे टोक कागदावर तिरके टेकवून ओढले की जो चौकट-तिळासारखा ठिपका उमटतो, तो एक नुक्ता. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्लाने अक्षरांची प्रमाणे या ठिपक्यांत बांधली आणि सुलेखनकार आजही तसेच मोजतात. थुलुथ या मोठ्या, शोभिवंत शैलीत अलिफ साधारण ७ नुक्ते उंच असतो, रोजच्या मजकुराच्या नस्ख शैलीत ५ च्या आसपास.

रोमनमध्ये रुंद निबाने उभे दंड जाड येतात आणि आडव्या रेघा बारीक. अरबीत उलटे होते: आडवी, बेसलाइनवरून (अक्षरे जिच्यावर टेकतात त्या रेषेवरून) धावणारी रेघ जाड येते आणि उभा अलिफ तुलनेने सडपातळ. ज्यांनी देवनागरी बोरूने गिरवली आहे त्यांना निबाचा काप रोमनच्या उलट असतो हे माहीत आहे, त्यामुळे मराठी सुलेखनातून आलेल्या माणसाचा हात इथे लवकर बसतो. आठवडाभर फक्त बे, नून, सीन, हे, ऐन, मीम, वाव आणि रे गिरवा. जाडी कुठे वाढते, कुठे सुटते, हे बोटांना कळल्याशिवाय वक्ररेषा ओढण्यात अर्थ नाही.

शैली ठरवा, मगच जोडी

रोज वाचायच्या मजकुराला नस्ख लागते. कुफी भौमितिक आणि सपाट असते. सॅन्स-सेरिफ रोमनशेजारी ती चटकन शोभते, म्हणून नवखे तिच्याकडे धावतात. पण कुफीत लांब परिच्छेद वाचवत नाही. ती मथळे आणि बोधचिन्हांसाठी ठेवा. मजकुराच्या सॅन्ससाठी मधला मार्ग म्हणजे जाड-बारीक फरक कमी केलेली, पण सांगाडा नस्खचाच असलेली अरबी. नदीन शाहीन यांचा ‘फ्रुटिगर अरेबिक’ या वाटेने जातो.

तुमचा वाचक उर्दूचा असेल तर गणित बदलते. मालेगावात किंवा मुंबईत छापली जाणारी उर्दू वर्तमानपत्रे नस्तालिकमध्ये असतात. त्या शैलीत शब्द उजवीकडून डावीकडे तिरका खाली उतरत जातो, त्यामुळे ओळीची उंची जवळजवळ दुप्पट लागते आणि फॉन्टाची आतली रचना पूर्ण वेगळी होते. पहिला फॉन्ट नस्तालिक करू नका. नस्ख अंगाने उर्दूची अक्षरे द्या. पाट्या आणि पडद्यावरचा छोटा मजकूर उर्दू वाचक त्यातही वाचतो.

चांगले काम आतून पाहायला खुले परवाने असलेले फॉन्ट उतरवून घ्या आणि एडिटरमध्ये उघडा. खालेद होस्नी यांचा ‘अमिरी’ कैरोच्या बुलाक छापखान्याच्या टाइपावर आधारलेला आहे. पारंपरिक नस्खची गुंतागुंत तिथे दिसते. ‘मर्काझी टेक्स्ट’मध्ये अरबी बाजू बोर्ना इझदपनाह यांची आणि रोमन बाजू फ्लोरियन रुंगे यांची. घट्ट, कमी जागेतला मजकूर दोन्ही लिप्यांत कसा समतोल ठेवतो ते त्यात शिकायला मिळते. मुंबईच्या एक टाइपच्या ‘बलू’ कुटुंबातला ‘बलू भाईजान’ही उघडा; गुबगुबीत, जाड अक्षरांत अरबी लिपीचा श्वास कसा राखायचा ते तिथे समजेल.

उंच्या ठरवणे

रोमनची एक्स-उंची (छोट्या ‘एक्स’ अक्षराची उंची) ही एकच रेषा मजकुराचा भासणारा आकार ठरवते. अरबीत अशी एक रेषा नाही. कॅपिटल-स्मॉलही नाही. तिथे पायऱ्या आहेत: दातांची उंची (बे, नून, सीनचे छोटे उठाव), त्याहून वर फे, वाव, मीमच्या डोळ्यांची उंची, त्याहून वर लाम आणि अलिफ, आणि खाली रे, नून, जीमच्या वाट्यांची खोली.

समजा एम, म्हणजे अक्षर बसवायचा चौकोन, १००० युनिटांचा आहे आणि तुमच्या रोमनची एक्स-उंची ५००, कॅपिटल ७००, खालची शेपटी उणे २२०. मग अरबीची सुरुवात अशी करून पाहा: दात २७०, डोळे ३७० ते ४००, अलिफ ६६०, वाट्या उणे ३००. हे नियम नव्हेत, पहिल्या छापील नमुन्यापुरते खुंट आहेत. अलिफ कॅपिटलच्या बरोबरीने उंच ठेवायचा मोह टाळा. अरबीत अलिफ-लाम इतक्या वेळा येतात की ओळीत काठ्यांचे कुंपण उभे राहते. उलट अलिफ एक्स-उंचीइतका बुटका केला तर दात चिरडतात आणि अरबी ओळ रोमनशेजारी दोन पॉइंट लहान वाटते. ही दुसरी चूक जास्त प्रमाणात दिसते, कारण अनेक जण आधी पूर्ण झालेल्या रोमनच्या चौकटीत अरबी कोंबतात. हेल्व्हेटिका या रोमन फॉन्टाशेजारी वेलांट्या-मात्रा दाबून बसवलेली देवनागरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे दुखणे नवे नाही.

म्हणून दोन्ही बाजू एकत्र वाढवा. रोमनची दहा अक्षरे, अरबीची दहा अक्षरे, नमुना, दुरुस्ती, पुन्हा दोन्ही. अरबीला खाली जागा हवी असेल तर रोमनची एक्स-उंची १५ युनिटांनी कमी करायची तयारी ठेवा.

जाडी

रोमनचा उभा दंड ८६ युनिट असेल तर अरबीची बेसलाइनची रेघ ८२ आणि अलिफ ७८ पासून सुरू करा. नंतर दोन्ही लिप्यांचे सारख्या लांबीचे परिच्छेद ९ पॉइंटात शेजारी छापा, कागद हातभर लांब धरा, डोळे किलकिले करा. एक परिच्छेद काळा आणि दुसरा राखाडी दिसला तर जाडी किंवा आतली-बाहेरची मोकळी जागा हलवा. अरबी ओळीत वर आणि खाली पांढरे जास्त असते, त्यामुळे जाडी सारखी असूनही ती फिकी वाटू शकते. तेव्हा जाडी वाढवण्याआधी ओळीतले अंतर तपासा.

बोल्ड करताना मीम, फे, वाव, मधला ऐन आणि हे यांचे डोळे बुजतात. तिथे डोळ्यांना २० ते ४० युनिट वर वाढू द्या, दातही थोडे उंच करा. रेग्युलरच्या उंच्या बोल्डमध्ये जशाच्या तशा ठेवल्या तर शाईचे गोळे उरतात. रोमनइतकाच काळा बोल्ड अरबीत बहुधा येत नाही, थोडा हलका ठेवणे योग्य.

तिरक्या अक्षरांबद्दल एकदाच सांगतो: अरबीत इटॅलिकची परंपरा नाही. रोमन इटॅलिकशेजारी अरबी सरळच ठेवा, किंवा जोर द्यायला जाडी वापरा. नुसती तिरकी केलेली नस्ख म्हणजे ढासळलेली नस्ख.

कोणती अक्षरे काढायची

अरबीत २८ अक्षरे. त्यांतली २२ दोन्ही बाजूंनी जुळतात, म्हणून प्रत्येकाची चार रूपे: सुटे, आद्य, मध्य, अंत्य. अलिफ, दाल, ज़ाल, रे, ज़े आणि वाव ही सहा डावीकडे जुळत नाहीत, त्यांची दोनच. हिशोब २२ गुणिले ४ अधिक ६ गुणिले २, म्हणजे १००. त्यावर हम्ज़ाचे प्रकार, ते-मरबूता, अलिफ-मक्सूरा, आणि लाम-अलिफची सक्तीची जोडाक्षरे (साधा, मद्दावाला, वर हम्ज़ा, खाली हम्ज़ा, प्रत्येकी सुटे व अंत्य, म्हणजे ८).

हे १०० आकार खरे तर इतके नाहीत. बे, ते, से यांचा सांगाडा एकच, फरक नुक्त्यांचा. नून आणि ये यांची आद्य-मध्य रूपेही त्याच दातावर. म्हणून आधी बिननुक्त्याचे सांगाडे काढा, नुक्ते एक, दोन, तीन असे वेगळे घटक करा आणि अक्षरे त्यांतून जुळवा. सांगाड्यात दुरुस्ती केली की ती सगळीकडे पोचते. नुक्त्याची रुंदी बेसलाइनच्या जाडीच्या सव्वा पटीपासून सुरू करा. त्याहून लहान नुक्ता ८ पॉइंटात हरवतो, आणि तीनातला एक नुक्ता हरवला की सेचा ते होतो.

गेल्या शतकाच्या मध्यात लायनोटाइपच्या यंत्रासाठी ‘सिम्प्लिफाइड अरेबिक’ तयार झाली. त्यात आद्य-मध्य एकच आणि सुटे-अंत्य एकच करून आकार निम्म्यावर आणले, कारण मॅट्रिक्सच्या, म्हणजे अक्षरांच्या साच्यांच्या, पेटीत तेवढ्याच खाचा होत्या. ती गरज यंत्राची होती. आज चारही रूपे नीट काढण्यात तुम्हाला कोणीही अडवत नाही, तेव्हा मध्यला आद्याची नक्कल करून वेळ वाचवू नका.

सांधे

फॉन्ट बिघडतो तो बहुधा इथेच. जुळणाऱ्या प्रत्येक रूपात सांध्याची रेघ त्याच उंचीवर, त्याच जाडीने संपली पाहिजे. वरच्या आकड्यांत ती ० पासून ८२ पर्यंत असेल तर सगळ्या अक्षरांत तीच हवी, एकात ८० आणि दुसऱ्यात ८४ असून चालणार नाही. सांध्याच्या बाजूची बगल (अक्षराच्या कडेची मोकळी जागा) शून्य ठेवा आणि रेघ १० ते १५ युनिट बगलेच्या बाहेर काढा, म्हणजे शेजाऱ्यात घुसेल. नुसती कडेला कडा लावून ठेवली तर पडद्यावर आणि पीडीएफमध्ये प्रत्येक सांध्यात केसाएवढी पांढरी फट दिसते. व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलीत जाडी हवी तशी बदलणारा) करत असाल तर हलक्या आणि जाड दोन्ही मास्टरांत, म्हणजे टोकाच्या मूळ आराखड्यांत, हा नियम तपासा. मधल्या जाडीत फट उघडते ती एका मास्टरात राहून गेलेल्या चुकीमुळे.

आता ‘सलाम’ हा एक शब्द बांधून पाहा. उजवीकडून सीनचे आद्य रूप: तीन दात, शक्यतो सारखे नाहीत, पहिला किंचित उंच. त्याच्या डाव्या सांध्यात लाम-अलिफचे अंत्य जोडाक्षर येते. लाम आणि अलिफ वेगवेगळे ठेवले तर अरबी वाचकाला ते चुकीचे शुद्धलेखन वाटते, म्हणून हे जोडाक्षर ‘आरलिग’ या सक्तीच्या फीचरमध्येच (फीचर म्हणजे फॉन्टातला अक्षरांची रूपे आपोआप बदलणारा नियम) घाला, ऐच्छिक ‘लिगा’त नाही. अलिफ डावीकडे जुळत नाही, म्हणून त्याच्यानंतरचा मीम सुटा, शेपटी खाली घेऊन. एका शब्दात आद्य रूप, सक्तीचे जोडाक्षर, तुटणारे अक्षर आणि सुटे रूप, चारही गोष्टी तपासून होतात.

दुसरा शब्द ‘तस्बीह’. ते, सीन, बे, ये: ओळीने सहा दात, मग हे. सगळे दात एकाच उंचीचे असतील तर सीन कुठे सुरू होतो हे कळत नाही. सुलेखनकार सीनशेजारचा दात उंच करतो. तसे एक उंच पर्यायी रूप काढून शेजारचे अक्षर पाहून रूप बदलणाऱ्या ‘कॅल्ट’ फीचरने बोलवा. ‘तस्बीत’ म्हणजे पक्के करणे, तो शब्दही इथेच टाका: चार दात, त्यांवर-खाली आठ नुक्ते, आणि शेवटच्या तेवर आणखी दोन. नुक्ते एकमेकांना चिकटतात का ते इथे लगेच कळेल.

रूपांना कोड देऊ नका

युनिकोडमध्ये बेचा कोड ०६२८ असा एकच. आद्य, मध्य, अंत्य रूपांना जुन्या ‘प्रेझेंटेशन फॉर्म्स’चे कोड असतात. ते टंकनासाठी वापरले तर शोध चालत नाही आणि मजकूर दुसऱ्या फॉन्टात नेला की मोडतो. चारही रूपांना नावे द्या आणि मूळ अक्षराला कोड. जोडणी ‘इनिट’, ‘मेडी’, ‘फिना’ या फीचरांनी होते. ग्लिफ्स किंवा फॉन्टलॅबमध्ये नावे त्यांच्या पद्धतीने दिलीत तर हे नियम आपोआप लिहिले जातात. मोफत फॉन्टफोर्जमध्येही जमते, हाताने जास्त लिहावे लागते.

फारसी-उर्दू देणार असाल तर वेगळे कोड विसरू नका. अरबी काफ ०६४३ आणि फारसी-उर्दू काफ ०६ए९ वेगळे, अरबी ये ०६४ए आणि फारसी ये ०६सीसी वेगळे. उर्दूसाठी टे, डाल, ड़े, नून-गुन्ना, दोचश्मी हे आणि बडी ये हवेतच. आकडेही दोन संच: अरबांचे ०६६० पासून, फारसी-उर्दूचे ०६एफ० पासून, आणि या संचात फारसीतले आणि उर्दूतले ४ व ७ यांचे वळण एकमेकांपासून वेगळे असल्याने उर्दूसाठी ‘लोकल’ फीचर लागते.

हरकती

मराठीत हरकत घेतात, अरबीत हरकत लावतात: फतहा, कसरा, ज़म्मा ही स्वरचिन्हे. त्यांसाठी प्रत्येक अक्षरावर ‘टॉप’ आणि ‘बॉटम’ अँकर (चिन्ह कुठे बसावे ते सांगणारे बिंदू) लावा, चिन्हांवर त्यांचे जोडीदार. शद्दावर (अक्षर दुहेरी उच्चारायची खूण) फतहा बसवायला ‘एमकेएमके’ हे चिन्हावर चिन्ह बसवणारे फीचर लागते. कसरा शद्दासोबत आला तर अनेक ठिकाणी तो अक्षराखाली न जाता शद्दाच्याच खाली बसतो, हे डिझायनर विसरतात. लाम-अलिफला दोन अक्षरांचे वेगवेगळे अँकर हवेत, नाहीतर दोन्ही हरकती एका जागी चढतात. अँकर नुक्त्याच्या वर ५० युनिटांपासून सुरू करा.

अंतर, कर्निंग (अक्षरांच्या जोडीतले अंतर), विरामचिन्हे

जुळलेल्या अक्षरांत अंतराचा प्रश्न नाही, तुटणाऱ्यांत सगळा आहे. ‘विज़ारा’ म्हणजे मंत्रालय: वाव, ज़े, अलिफ, रे, ते-मरबूता, पाचही सुटी. दोन अक्षरांमधली फट शब्दांमधल्या जागेइतकी दिसली तर एका शब्दाचे दोन होतात. रे आणि वाव खाली उतरून डावीकडे वळतात, म्हणून त्यांच्यानंतरचे अक्षर त्यांच्या पोटात थोडे आत घ्या. फक्त पुढच्या अक्षराचे खालचे नुक्ते शेपटीवर आदळत नाहीत ना, ते बघा: रेनंतर ये किंवा पे आला की हमखास आदळतात.

स्पेस मात्र दोन्ही लिप्यांना एकच मिळते. रोमनला २४० सुखाची वाटली तरी अरबीत ती मोठी वाटू शकते. २२० च्या आसपास तडजोड करा आणि दोन्ही परिच्छेद पुन्हा पाहा. कंस आरसा होऊन आपोआप फिरतात, ते फॉन्टात उलटे काढू नका. पण त्यांची उंची-खोली अरबीला वेगळी लागते. स्वल्पविराम, अर्धविराम आणि प्रश्नचिन्ह अरबीची स्वतःची आहेत, रोमनची फिरवून टाकण्याऐवजी नुक्त्याच्या वळणाने काढा.

वेबवर काम करणाऱ्याला हे आवर्जून सांगा: रोमन मथळ्याला लावलेले ‘लेटर-स्पेसिंग’ अरबीलाही लागले की सांधे तुटतात. अरबीत ओळ ताणायची ती कशीदाने, म्हणजे सांध्याची रेघ ओढून. कशिदाकामातला कशिदा तोच शब्द, ‘ओढणे’ या फारसी धातूपासून आलेला. पण प्रत्येक सांधा ताणू नका, एका शब्दात एकच.

ओळीची उंची

वर सांगितलेल्या रोमनला बेसलाइनच्या वर ९५० आणि खाली उणे २५० पुरते. शद्दा, फतहा, खोल जीम आणि तिच्याखालचा कसरा धरून अरबी ११०० आणि उणे ४५० मागू शकते. ओळीची उंची फॉन्टात तीन ठिकाणी नोंदतात: टाइपो, एचहेड आणि विन. त्यांतली टाइपो आणि एचहेड मूल्ये सारखी ठेवा, लाइनगॅप (ओळींमधली जादा जागा) शून्य करा, विन मूल्ये सर्वांत उंच आणि सर्वांत खोल आकार झाकतील एवढी द्या. नाहीतर विंडोजमध्ये हरकती कापल्या जातात. कुटुंबातल्या सगळ्या जाड्यांत हेच आकडे राहू द्या.

तपासणी

इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही तर अक्षरे सुटी आणि उलट क्रमाने दिसतात. तो दोष फॉन्टाचा नाही, रात्रभर फीचर शोधत बसू नका. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडवर हार्फबझ हे सॉफ्टवेअर अक्षरांची जोडणी करते, तिथे एकदा, आणि मॅकवर एकदा, असे वेगळे पाहा.

८, १०, १२ आणि २४ पॉइंटात छापा. अरबी परिच्छेदात मध्येच रोमन नाव आणि रोमन वाक्यात मध्येच अरबी नाव टाका. जोडीचा खरा कस अशा ओळीत लागतो, दोन वेगळ्या रकान्यांत नाही. आकडे उजवीकडून वाहणाऱ्या ओळीतही डावीकडूनच वाचले जातात, म्हणून एक दूरध्वनी क्रमांक आणि एक तारीखही घाला. मग पीडीएफ करून त्यातला एक अरबी शब्द कॉपी करा आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवा. अक्षरे जशीच्या तशी आली तर कोड बरोबर आहेत.

शेवटी हा नमुना जन्मापासून अरबी वाचणाऱ्या किमान तिघांना द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. फॉन्ट आवडला का ते विचारू नका. कोणत्या शब्दापाशी ते थांबतात, तिथे खूण करा. ते कुठे अडखळतात त्यावरून पुढच्या दुरुस्तीची यादी तयार होते.